मिलकामावशींच्या विहिरीवरचा आळ

डॉक्टरांनी मला एक साधा प्रश्न विचारला होता. मी त्याचं खोटं उत्तर दिलं. माझ्या आजारपणाची हकीकत इथूनच सुरू करायला हवी, कारण ताप पाच आठवड्यांत गेला; ते उत्तर मात्र तीन वर्षं राहिलं आणि त्याचा त्रास दुसऱ्यांनी भोगला.

शाळेच्या वार्षिकासाठी मला ‘सुट्टीतला प्रवास आणि प्रकृती’ या विषयावर चार पानं लिहायला सांगितलं आहे. सातवीला आरोग्यशास्त्र मीच शिकवतो, तेव्हा ते साहजिकच आहे. पाणी उकळून प्या, उघड्यावरचं खाऊ नका, मच्छरदाणी लावा, हे सगळं मी डोळे मिटून लिहू शकतो. पण ते लिहायला बसलो की हात थांबतो. म्हणून जे घडलं तेच लिहितो. छापायचं की नाही ते संपादकांनी ठरवावं.

पिशवी

स्वातंत्र्यानंतर सात-आठ वर्षांची गोष्ट. माझी थोरली बहीण, अक्का, पनवेलला असते. दाजी तिथल्या कचेरीत कारकून. आम्ही सातारा जिल्ह्यातले, कोरड्या हवेची माणसं. अक्का दर वर्षी बोलवायची आणि मी दर वर्षी टाळायचो, कारण पनवेल म्हटलं की डास आणि दमट उकाडा एवढंच ऐकलेलं. त्या वर्षी मात्र उन्हाळ्याच्या सुट्टीत महिनाभर जायचं ठरवलं. मुलींच्या परीक्षा उशिरा होत्या, त्यामुळे सुशीला, माझी पत्नी, मागे राहिली.

निघताना मी जी पिशवी भरली तिची अक्काच्या गल्लीत पुढे पुष्कळ थट्टा झाली. तुरटीचा खडा, पाणी गाळायचं दुपदरी फडकं, लाल पोटॅशची बाटली, क्विनीनच्या गोळ्या, मच्छरदाणी आणि स्वतःचा तांब्या. पोचल्याच्या दिवशीच मी अक्काला माझं पाणी वेगळं उकळायला सांगितलं. ती म्हणाली, “सदा, अरे हे मिलकामावशींच्या विहिरीचं पाणी आहे. इथे लोक हे औषधासारखं नेतात.” मी तरीही उकळायला लावलं.

मिलकामावशी म्हणजे शेजारच्या घरातली विधवा बाई. ज्यू कुटुंब. कित्येक पिढ्या तिथलेच, आपल्यासारखं मराठी बोलणारे. त्यांच्या नवऱ्याचा तेलाचा घाणा होता आणि परसातली विहीर त्यानंच खणवलेली. खाडीच्या गावात बहुतेक विहिरींचं पाणी मचूळ. हिचं मात्र गोड. गल्लीतली अकरा घरं तिथेच पाणी भरायची. कोण कुठल्या जातीचा, हे मावशींनी रहाटापाशी कधी विचारलं नाही. शनिवारी त्या चूल पेटवत नसत आणि रहाटही ओढत नसत. त्यांचा तो विश्रांतीचा दिवस. त्या दिवशी गल्लीतल्या बायका आधी मावशींचे दोन हंडे भरून ओट्यावर ठेवायच्या आणि मग आपले भरायच्या. असा शिरस्ता होता.

माझा तांब्या आणि फडकं पाहून मावशी अक्काला म्हणाल्या होत्या, “तुझा भाऊ पाहुणा आलाय की तपासनीस?” मीही हसलो होतो.

खाडीवर

चौथ्या-पाचव्या दिवशी मी मिठागर पाहायला गेलो. मुलांना भूगोलात दाखवता येईल म्हणून थोडं मीठ खड्यांसकट आणायचं होतं. दाजींच्या ओळखीचा पोशा नावाचा गडी तिथे कामाला होता. त्यानं वाफे दाखवले, पाणी कसं घेतात, कसं आटतं ते सांगितलं. परतताना ओहोटी लागली होती आणि त्याची बायको खडकावरची कालवं कोयत्यानं फोडत बसली होती. शिंपल्याच्या आतला तो ओलसर करडा गोळा पाहून मी विचारलं, हे तुम्ही कसं खाता?

आमचं घर माळकरी. गळ्यातली तुळशीची माळ वडिलांनी नवव्या वर्षी घातलेली. मासे तर सोडाच, अंड्यालाही हात लावलेला नाही. पण परगावी, खाडीच्या वाऱ्यावर, मला ओळखणारं कोणी नसताना, आपणही एकदा चाखून पाहावं असं मला वाटलं. यापेक्षा मोठं कारण मला आजही सापडत नाही. मी माळ काढली आणि सदऱ्याच्या खिशात घातली.

पोशा म्हणाला, “मास्तर, इस्तवावर टाकू द्या जरा. कच्ची आमी खातो. तुमाला सवय नाय.”

मी त्याला सांगितलं की लिंबाच्या आंबटपणानं जंतू मरतात. सातवीच्या वर्गात सांगतो तशा आवाजात सांगितलं. त्या बिचाऱ्यानं लिंबू कापून माझ्या हातात दिलं. पाच-सहा कालवं मी लिंबू पिळून कच्ची खाल्ली. तिथून पन्नास पावलांवर गावातला नाला खाडीला मिळत होता. तो मला दिसत होता. त्याचा वासही येत होता.

निदानाचा दिवस

दोन आठवड्यांनी ताप आला. आधी कणकण, मग डोकं असं दुखायचं की उशीचाही स्पर्श नको वाटे. मी मलेरिया समजून क्विनीन घेतलं. ताप रोज थोडा वर चढत गेला. सातव्या दिवशी दाजींनी मला टांग्यात घालून दवाखान्यात नेलं. रक्त तपासायला मुंबईला पाठवलं होतं. त्याचं उत्तर आलं त्या सकाळी डॉक्टर खाटेपाशी आले. एका बाजूला अक्का उभी होती, दुसऱ्या बाजूला दाजी.

“विषमज्वर आहे,” डॉक्टर म्हणाले. मग वही काढून विचारलं, “बाहेर कुठे काही खाल्लं-प्यायलं होतं का? आठवून सांगा. आणखी कोणाला होऊ नये म्हणून विचारतोय.”

मला आठवायची गरज नव्हती. पण अक्का माझ्याकडे पाहत होती, आणि खाडीवर खिशात घातलेली माळ मी परत गळ्यात घातलीच नव्हती हे त्याच क्षणी माझ्या लक्षात आलं.

मी म्हणालो, “नाही. सगळं घरचंच. पाणी तेवढं दोनतीनदा विहिरीचं तसंच प्यालो.”

हे अगदी खोटं नव्हतं. उन्हातून आल्यावर एकदोनदा मी उकळलेल्या पाण्याची वाट न पाहता रहाटावर ओंजळ धरली होती. या खऱ्या तुकड्याच्या आधारानं पुढे मी स्वतःलाही पुष्कळ दिवस फसवलं. डॉक्टरांनी वहीत लिहून घेतलं. दाजी म्हणाले, “आमच्या सदाशिवरावांसारखा काळजी घेणारा माणूस नाही. त्यांना झालं म्हणजे दोष पाण्यातच असणार.” माझ्या पिशवीनं माझ्या वतीनं साक्ष दिली.

आठ खाटा

दवाखान्यात आठ खाटा होत्या. माझी खिडकीजवळची. सकाळी सहाला नर्सबाई थर्मामीटर घेऊन यायच्या आणि पायाशी टांगलेल्या कागदावर टिंब काढायच्या. ती टिंबं जोडून डोंगर तयार होत होता. शेजारच्या खाटेवर एक म्हातारे मीठवाले व्यापारी होते. ते रोज चष्मा लावून माझा कागद वाचायचे आणि म्हणायचे, “मास्तर, आज तुम्ही माझ्यापेक्षा उंच गेलात.”

जिभेवर जाड थर, पोट फुगलेलं, कानात सतत गुणगुण. दुसऱ्या आठवड्यात मी दोन दिवस बडबडत होतो म्हणतात. शुद्धीवर आल्यावर पहिली भीती मरणाची वाटली नाही. बडबडीत मी काय बोललो असेन, याची वाटली. मी अक्काला विचारलं. ती म्हणाली, “पाढे म्हणत होतास.”

त्याच दिवशी उशीखाली हात गेला तर माळ लागली. मी काही बोललो नाही. तीही बोलली नाही.

दाजींनी मुंबईहून कॅप्सूल आणल्या आणि ताप उतरू लागला. मग भूक लागली. विषमज्वरातली भूक ज्यानं अनुभवली नाही त्याला ती सांगता येणार नाही. मीठवाल्यांच्या डब्यातल्या भाकरीचा वास आला की माझ्या डोळ्यांत पाणी यायचं. पण आतडं नाजूक झालेलं, डॉक्टरांनी फक्त पातळ द्यायला सांगितलेलं. या आजारातून उठणाऱ्यांना एवढंच सांगतो की या भुकेला फसू नका. जपून राहिलो म्हणूनच मी वाचलो.

त्या दिवसांत मला रोज अकराच्या सुमाराला जवाचं पाणी यायचं. पितळी डब्यात, वरून ओलं फडकं गुंडाळलेलं, चिमूटभर मीठ घातलेलं. ते मिलकामावशी करून पाठवायच्या. शनिवारी चूल नसे, म्हणून शुक्रवारी संध्याकाळीच दोन शहाळी येऊन पडायची. मी ते पाणी घोट घोट प्यायचो. ते त्याच विहिरीचं होतं, हे मला माहीत होतं.

फळ्या

सुशीला मुलींना माझ्या आईकडे सोडून आली. माझे हातपाय पाहून ती आधी रडली आणि मग अक्कावर चिडली. अक्काला माझ्यासमोरच म्हणाली, “वन्सं, मी माणूस धड पाठवला होता. एवढं पाणीसुद्धा तुम्हाला उकळून देता आलं नाही?”

अक्कानं डब्याचं झाकण लावलं, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि खाली मान घालून निघून गेली. मी डोळे मिटून घेतले. आजारी माणसाला ही मोठी सोय असते.

चारपाच दिवसांनी दाजी मोठ्या समाधानानं सांगत आले की त्यांनी विहिरीचं प्रकरण वर कळवलं. आरोग्य खात्याचा माणूस आला, नमुना घेऊन गेला आणि विहिरीवर फळ्या ठोकून, लाल अक्षरांत ‘पाणी पिण्यास अयोग्य’ लिहून गेला. गल्ली आता कोपऱ्यावरच्या नळावर रांग लावत होती. मावशी काय म्हणाल्या, मी विचारलं. दाजी म्हणाले, “काय म्हणणार? सारख्या एकच म्हणतात, मास्तरांना माझ्या पाण्यानं झालं. वाळीत टाकल्यासारखी वागणूक मिळतेय बिचारीला, पण इलाज नाही.”

तेव्हा बोलायची वेळ होती. दाजी एकटेच होते, खाटेवर बसलेले. दोन वाक्यांचं काम होतं. मी त्यांच्याकडे पाणी मागितलं.

मलिदा

महिन्याहून जास्त दिवसांनी मला घरी सोडलं. डोक्यावरचे केस मुठीनं निघत होते आणि पायऱ्या चढताना भिंत धरावी लागत होती. निघायच्या सकाळी मिलकामावशी केळीच्या पानात बांधलेलं काहीतरी घेऊन आल्या. त्यांच्यात संकट टळलं की मलिदा करतात. पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलची, खजूर आणि फळं. आपल्या पैगंबराचं नाव घेऊन, आभार मानून तो वाटतात. मी बेशुद्धीत होतो तेव्हा त्यांनी माझ्यासाठी मलिद्याचा नवस बोलला होता.

त्या आत आल्या नाहीत. सुशीलेला आवडणार नाही हे ओळखून उंबऱ्याबाहेरच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, “मास्तर, पोहे तुमच्या अक्कानं नळाच्या पाण्यात भिजवलेत. भिऊ नका, खा.”

मी हात जोडले. ते पान मांडीवर घेऊन गाडीत बसलो. उघडलं नाही. खंडाळ्याच्या घाटात गाडी थांबली तेव्हा खाली उतरलो आणि ते कठड्यावरच्या माकडांपुढे ठेवलं. सुशीला म्हणाली, बरं केलंत.

तीन वर्षं

दोन महिन्यांनी अक्काचं पत्र आलं. पाण्याचा नमुना निर्दोष निघाला होता. फळ्या काढल्या, लाल अक्षरं पुसली. पण कोणी पाणी भरायला गेलं नाही. कागदाला काय कळतं, असं लोक म्हणत. तो सातारचा मास्तर, जो तांब्यासुद्धा घरचा आणतो, तो पडला म्हणजे काहीतरी आहेच. शनिवारी मावशींचे हंडे भरायला आता कोणी येत नाही, असं अक्कानं लिहिलं होतं. शेवटी एक ओळ होती: ‘मी जाते. मी तेच पाणी पिते.’

मी उत्तरात मुलींची प्रगती कळवली.

मी शाळेत आरोग्यशास्त्र शिकवत राहिलो. विषमज्वर कसा पसरतो हा धडा आला की फळ्यावर विहीर काढायचो, दर वर्षी तशीच, रहाटासकट. सुशीला आणि अक्का यांचं येणं-जाणं बंद होतं. राखीपौर्णिमेला पाकीट यायचं, तेवढंच.

मग अक्काचं छोटं पत्र आलं. मावशींचा मुलगा इस्राएलला जाऊन स्थिरावला होता आणि आईला नेणार होता. घर विकलं होतं. पुढच्या पंधरवड्यात बोट होती. अक्कानं यायला सांगितलं नव्हतं. नुसतं कळवलं होतं.

त्या दिवशी मी सुशीलेला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, “म्हणजे तीन वर्षं मी वन्संना शिव्या दिल्या, आणि तुम्ही ऐकत होतात.” माझ्या कालवं खाण्याबद्दल ती एक अक्षर बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं स्वतःची पिशवी भरली.

शुक्रवार आणि शनिवार

पनवेलला पोचताच सुशीला सरळ अक्काच्या स्वयंपाकघरात गेली. आत काय बोलणं झालं मला माहीत नाही. नंतर अक्का बाहेर आली तेव्हा मी विचारलं, तुला तेव्हाच कळलं होतं का?

“सदरा मी धुतला,” ती म्हणाली. “खिशात माळ होती, आणि सदऱ्याला खाडीचा वास. तू अंघोळीलासुद्धा माळ काढत नाहीस.”

“मग बोलली का नाहीस?”

“आधी तू आजारी होतास. मग तू बरा झालास, तेव्हा वाटलं, आता हा स्वतः बोलेल.”

मिलकामावशी परसात होत्या. सामान बांधून झालं होतं आणि त्या विहिरीच्या काठावर उगवलेलं पिंपळाचं रोप उपटत होत्या. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं: खाडी, कालवं, डॉक्टरांची वही, घाटातली माकडं. त्यांनी हातातलं रोप बाजूला ठेवलं.

“माळ काढून कालवं?” त्या म्हणाल्या. “अरे, ती तर आम्हीही खात नाही. ज्याला पर नाही, खवला नाही, ते आम्हाला वर्ज्य. माझ्याकडे आला असतास तर मीच हात धरला असता.”

त्या हसल्या, आणि मग हसू गेलं. मी क्षमा मागायला वाकलो तर त्यांनी पाय मागे घेतले.

“मला सांगून काय होणार, मास्तर? माझं पाणी चांगलं आहे हे मला रोज कळत होतं. मी तेच पीत होते. नवऱ्यानं आठ महिने खपून खणवली ही विहीर. मी गेल्यावर लोक म्हणतील, रोगाची विहीर होती, ज्यूंची. सांगायचंच असेल तर त्या नळावर जा.”

दुसरा दिवस शनिवार होता. सकाळी नळावर पंधरा-वीस बायका होत्या, दोघेतिघे पुरुष आणि रांगेत लावलेले हंडे. मिलकामावशी पांढरं लुगडं नेसून आपल्या ओट्यावर बसल्या होत्या. तिथून नळ दिसतो आणि ऐकूही येतं. दाजी माझ्याबरोबर आले नाहीत. त्यांना रात्री सांगितलं तेव्हापासून ते माझ्याशी बोलले नव्हते. अक्का आणि सुशीला आल्या होत्या. मी वर्गात बोलतो तसा आवाज काढायला गेलो, पण तो निघाला नाही. साधाच बोललो.

मी सांगितलं की मी अक्काचा भाऊ. ज्याच्या तापामुळे विहीर बंद झाली, तो. तो ताप विहिरीचा नव्हता. मी खाडीवर, नाल्याच्या तोंडाशी, कच्ची कालवं खाल्ली होती. माळकऱ्यानं ते कबूल कसं करायचं, म्हणून डॉक्टरांना विहिरीचं नाव सांगितलं. पाणी तेव्हाही चांगलं होतं, आजही आहे.

नळाखालचा हंडा भरून वाहायला लागला होता. मग पुढच्याच एका बाईनं कमरेवर हात ठेवून विचारलं, “आणि आमची डोकी, मास्तर? तीन वर्षं हे हंडे इथून कोणी वाहिले?”

“माझ्यामुळे तुम्ही वाहिले,” मी म्हणालो. “तुमचीही क्षमा मागतो.”

मग मी ओट्याकडे वळलो. त्या बसलेल्या होत्या, हात मांडीवर, शनिवारी असतात तसे रिकामे. सगळ्यांना ऐकू जाईल असं मी म्हणालो, “मावशी, मला तुमच्या विहिरीनं आजारी पाडलं नाही. तुमच्या विहिरीच्या पाण्यानं मी जगलो, रोज अकरा वाजता. मला हे माहीत होतं, आणि तरी मी तुमच्यावर आळ घेतला. स्वतःची लाज वाचवायला घेतला. माझं चुकलं. मला क्षमा करा.”